मिन्स्क की मिशिगन?

मंडळी, या शनिवारचा विषय आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पळायचंय त्यांना वेळेत पळता येईल :) विषय आहे बेलारूसमधली आइस हॉकी. हो, बेलारूस. आणि हॉकी म्हणजे आपल्या ध्यानचंदांची नव्हे, बर्फावरची. रबराची काळी चकती (तिला पक म्हणतात), पायात स्केट्स, अंगभर पॅड्स आणि अधूनमधून सरळ मारामारी.

सांगलीकडच्या माणसाचा आणि बर्फाचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध टोरांटोचा. २००९ ते २०११ मी तिथे ऑनसाईट होतो. हिवाळ्यात पाचला अंधार पडायचा, आणि सोमवारी सकाळी ऑफिसात मॅचशिवाय दुसरं बोलणं नसायचं. क्रिकेट न कळणारा माणूस आपल्याकडे चहाच्या टपरीवर जसा एकटा पडतो, तसा मी पडायला लागलो. मग नाइलाजाने टीव्हीवर मॅच बघायला लागलो आणि काही महिन्यांत नाइलाज संपला, नाद लागला.

तेव्हा टोरांटो मेपल लीफ्समध्ये मिखाईल ग्राबोव्स्की नावाचा एक चपळ आणि चिडका सेंटर होता. २०१०-११ च्या मोसमात त्याने २९ गोल केले. टीम त्या वर्षांत प्लेऑफपर्यंत पोचायचीच नाही, त्यामुळे अशा एखाद्या माणसावर जीव लावणं एवढंच प्रेक्षकाच्या हातात होतं. तो बेलारूसचा. बेलारूस नकाशात नेमका कुठे आहे हे मी त्याच्यामुळे पहिल्यांदा शोधलं.

देश छोटा. लोकसंख्या साधारण ९० लाखांच्या घरात, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी. पण हॉकीचं वेड मोठं. राष्ट्राध्यक्ष लुकाशेन्को स्वतः हॉकी खेळतात, त्यामुळे गावोगावी 'आइस पॅलेस' उभे राहिले. मिन्स्क-अरेना नावाचं सुमारे १५ हजार प्रेक्षकांचं स्टेडियम आहे, तिथे २०१४ ची जागतिक स्पर्धा झाली.

आणि त्यांचा '८३ चा वर्ल्ड कप' म्हणावा असा एक दिवस आहे, २० फेब्रुवारी २००२. सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकची उपांत्यपूर्व फेरी, समोर स्वीडन. स्वीडनने गटातले तिन्ही सामने जिंकलेले, त्यात कॅनडालाही हरवलेलं. बेलारूसने गटातले तिन्ही हरलेले, त्यातले दोन १-८ असे. सामना संपायला काही मिनिटं उरलेली, ३-३ बरोबरी. व्लादिमिर कोपातने लांबून एक फटका मारला, तो स्वीडनचा गोलकीपर टॉमी सालोच्या डोक्याला लागून वर उडाला आणि त्याच्या पाठीमागे गोलमध्ये जाऊन पडला. ४-३. स्वीडन घरी, बेलारूस उपांत्य फेरीत. पुढे ते चौथे आले. ऑलिंपिक हॉकीत त्यांना इतकं वर पुन्हा जाता आलेलं नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. आमच्या टीममध्ये एक जण मिन्स्कचा आहे. (आम्ही त्याला मिन्स्ककर म्हणतो. त्याला अर्थ समजावून सांगितलाय, आवडलाय.) २०२१ मध्ये तो मिन्स्कहून वॉर्सात राहायला आला. त्याची बहीण मात्र मिन्स्कलाच असते, आणि तिचा मुलगा, म्हणजे ह्याचा भाचा, पंधरा वर्षांचा डिफेन्समन आहे. उंच, स्केटिंग चांगलं, डोकं शांत. मागच्या महिन्यात एका एजंटने घरी विचारणा केली: मुलाला अमेरिकेला पाठवता का? घरात दोन तट पडले. आजी म्हणते मुळीच नाही. वडील म्हणतात आत्ताच. कोच म्हणतो घाई करू नका, पण कोच तसं म्हणणारच, त्याचा सगळ्यात चांगला मुलगा जातोय. मिन्स्ककराने एका कॉलच्या शेवटी मला विचारलं, "तू बाहेरचा माणूस आहेस, हॉकीही बघतोस. तू असतास तर काय केलं असतंस?"

मी म्हटलं, शनिवार-रविवार दे. तर हा तो हिशेब. शक्य तितका सरळ मांडतो.

घरी राहून काय मिळतं

बेलारूसमधलं बालपणीचं शिक्षण चांगलं आहे हे आधी मान्य करायला हवं. सोव्हिएत काळापासूनची क्रीडाशाळांची पद्धत आहे. मुलगा सहा-सात वर्षांचा असताना एका कोचच्या हाती जातो आणि वर्षानुवर्षं त्याच वयोगटात, त्याच पोरांबरोबर वाढतो. स्केटिंग, पक हाताळणं, पास देणं, हा पाया पक्का होतो. उत्तर अमेरिकेत हाच खेळ मुलाला शिकवायचा तर आईबापांचा खिसा रिकामा होतो. बेलारूसमध्ये झ्लोबिनसारख्या पोलादाच्या कारखान्याभोवती वाढलेल्या गावातल्या किंवा नोवोपोलोत्स्कसारख्या तेलशुद्धीकरणाच्या गावातल्या कामगाराचा मुलगाही बर्फावर उतरू शकतो. आंद्रेई आणि सर्गेई कोस्तित्सिन हे दोघे भाऊ नोवोपोलोत्स्कचे, दोघेही पुढे एनएचएलमध्ये खेळले.

शिवाय घरी राहून वर गेलेली माणसं आहेत. रुस्लान सालेई मिन्स्कचा. विशीपर्यंत तिथेच खेळला, मग अमेरिकेत लास वेगासच्या एका टीमकडून एक मोसम खेळला आणि १९९६ च्या ड्राफ्टमध्ये अनाहाइमने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. ज्यांना ड्राफ्ट माहीत नाही त्यांच्यासाठी: एनएचएलच्या टीम दरवर्षी साधारण अठरा वर्षांच्या मुलांची पाळीपाळीने निवड करतात, तो ड्राफ्ट. सालेई एनएचएलमध्ये ९१७ सामने खेळला.

अलीकडचं उदाहरण येगोर शारांगोविच. हाही मिन्स्कचा. अठराव्या वर्षी त्याच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. तो दिनामो मिन्स्ककडून केएचएलमध्ये, म्हणजे रशियाच्या मोठ्या लीगमध्ये, थोरामोठ्यांशी धडका घेत राहिला. २०१८ मध्ये न्यू जर्सीने त्याला पाचव्या फेरीत, १४१ व्या क्रमांकावर उचललं. २०२३ मध्ये तो कॅलगरीला गेला आणि २०२३-२४ च्या मोसमात त्याने ३१ गोल केले. म्हणजे सोळाव्या वर्षी घर सोडलं नाही तर संपलं, असं काही नाही.

बाहेर जाऊन काय मिळतं

आता दुसरी बाजू. आर्त्योम लेवशुनोव, जन्म २००५, गाव तेच झ्लोबिन. २०२२ मध्ये, सोळाव्या वर्षी अमेरिकेला गेला. एक मोसम ग्रीन बेच्या ज्युनिअर टीममध्ये, एक मोसम मिशिगन स्टेट विद्यापीठात. तिथे ३८ सामन्यांत ३५ गुण (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून), तेही डिफेन्समन असून. जून २०२४ मध्ये शिकागोने त्याला ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. इतक्या वर बेलारूसचा कुणीच गेला नव्हता.

मग प्रोतास बंधू, वितेब्स्कचे. थोरला अलियाक्सेई साडेसहा फुटी. सतराव्या वर्षी कॅनडातल्या प्रिन्स अल्बर्ट नावाच्या गावात गेला. पहिल्या मोसमात ११ गोल, दुसऱ्यात ३१. वॉशिंग्टनने २०१९ मध्ये तिसऱ्या फेरीत घेतला, आणि २०२४-२५ मध्ये त्याने एनएचएलमध्ये ३० गोल केले. धाकटा इल्या आधी अमेरिकेत डी मॉइनला, मग कॅनडात विंडसरला खेळला. विंडसरच्या एका मोसमात त्याचे १२४ गुण. त्यालाही वॉशिंग्टननेच घेतलं, २०२४ मध्ये, ७५ व्या क्रमांकावर.

बाहेर नेमकं काय वेगळं आहे? एक तर बर्फच वेगळा. युरोपचं पारंपरिक रिंक ३० मीटर रुंद, उत्तर अमेरिकेतलं साधारण २६. चार मीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण कडेच्या फळीजवळ पक मिळाल्यावर मान वर करून बघायला जो अर्धा सेकंद घरी मिळतो, तो तिथे मिळत नाही. समोरचा येऊन आदळलेला असतो. डिफेन्समनला तर हे नव्यानेच शिकावं लागतं आणि ते सतराव्या वर्षी शिकणं बाविसाव्या वर्षापेक्षा सोपं.

दुसरं, सामने. अमेरिकेतल्या यूएसएचएलमध्ये मोसमात ६२, कॅनडाच्या ज्युनिअर लीगमध्ये ६८. विद्यापीठात सामने कमी, पण व्यायामाला आणि सरावाला वेळ जास्त. तिसरं, बघणारे डोळे. प्रत्येक मॅचला एनएचएलचे स्काऊट वह्या घेऊन बसलेले.

आणि चौथं, ज्याबद्दल कौतुकाच्या बातम्यांत फारसं नसतं: मुलगा परक्या घरी राहतो. तिथे ह्याला बिलेट फॅमिली म्हणतात. गावातलं एखादं कुटुंब खेळाडूला मोसमभर घरात ठेवून घेतं. जेवण त्यांचं, नियम त्यांचे, कुत्रा त्यांचा. काही जणांना तिथे दुसरे आईवडील मिळतात. काही जण खोलीचं दार लावून फोनवर आईशी बोलत बसतात.

ह्या बाबतीत माझं थोडं बोलतो. मी दहावीनंतर दोन वर्षं लातूरला होतो. अकरावी-बारावीसाठी आपल्याकडची पोरं जशी जातात तसाच. खोलीत तिघं, मेसचा डबा आणि दर रविवारी एसटीडी बूथवर रांग. सोळाव्या वर्षी घर सोडल्यावर अभ्यास जड गेला नाही मला, संध्याकाळ जड जायची. साडेसहा-सातला घरी दिवा लागला असेल, आई अंगणात असेल, असं वाटायचं. पण मला घर पाच-सहा तासांवर होतं. दिवाळीला एसटी पकडली की पोचलो. एक परीक्षा वाईट गेली तेव्हा वडील दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे होते, काही बोलले नाहीत, फक्त नाश्ता करायला घेऊन गेले. ती सोय ह्या पोराला नाही.

किती नाही, तेही बघा. २०२१ च्या जूनपासून बेलारूसच्या विमानांना युरोपियन युनियनचं आकाश बंद झालं, त्यामुळे मिन्स्कहून पश्चिमेला जायचं तर इस्तंबूल नाहीतर दुबईचा वळसा. मिन्स्कमधल्या अमेरिकन दूतावासाचं कामकाज फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबलं. तेव्हापासून व्हिसाच्या मुलाखतीसाठी वॉर्सा, व्हिल्नियस अशी दुसऱ्या देशातली शहरं गाठायची पाळी आली. पोराचा हात मोडला तर आईने उद्याचं विमान पकडावं, इतकं ते सोपं नाही.

आता जरा इंजिनिअरसारखं

वर मी जी नावं घेतली ती सगळी यशस्वी लोकांची आहेत. आपल्या धंद्यात ह्याला वाचलेल्यांचा पक्षपात म्हणतात. जी विमानं परत आली त्यांचीच भोकं मोजायची आणि जी परत आली नाहीत त्यांचा विचारच नाही. लेवशुनोव अमेरिकेत गेला म्हणून दुसरा आला, की दुसरा येण्याइतका चांगला होता म्हणून त्याला अमेरिकेने बोलावलं? दोन्ही थोडं थोडं खरं असणार. शारांगोविचचंही तसंच. घरी राहून जे कुठेच पोचले नाहीत त्यांची नावं तुम्हाआम्हाला माहीत नसतात.

त्यामुळे मी देश बाजूला ठेवले आणि एकच आकडा धरला, तो म्हणजे मिनिटं. सामना ६० मिनिटांचा. मैदानावर एका वेळी दोन डिफेन्समन आणि टीममध्ये त्यांच्या तीन जोड्या. म्हणजे सरासरी प्रत्येकाला २० मिनिटं. समजा भाचा सतराव्या वर्षी यूएसएचएलमध्ये खेळला आणि त्याला ही सरासरी मिळाली. ६० सामने धरा, झाली १,२०० मिनिटं. समजा त्याच वयात तो मिन्स्कला राहिला आणि मोठ्या टीममध्ये सातवा डिफेन्समन म्हणून बाकावर बसला. ४० सामने, प्रत्येकी ५ मिनिटं. झाली २००. केएचएलचा शिक्का चांगला दिसतो, पण एक हजार मिनिटांचा फरक कुठून भरून काढणार?

पण हाच हिशेब उलटाही लागतो. अमेरिकेत सगळंच काही यूएसएचएल नाही. त्याच्या खाली लीगच्या उतरंडी आहेत आणि खालच्या अनेक लीगमध्ये खेळाडूकडूनच हजारो डॉलर फी घेतात. एजंटचं कमिशन सुटतं, घरच्यांना 'मुलगा अमेरिकेत खेळतो' असं सांगता येतं, आणि मुलगा मात्र वितेब्स्कच्या दुसऱ्या दर्जाच्या मॅचपेक्षाही सुमार हॉकी खेळत असतो. तिथे १,२०० मिनिटं मिळाली तरी ती पाण्यात.

म्हणून मी मिन्स्ककराला पहिला प्रश्न विचारला की एजंट नेमकी कोणत्या लीगची गोष्ट करतोय. तो गप्प झाला. एजंटने ते सांगितलंच नव्हतं. "अमेरिका" एवढंच सांगितलं होतं.

२०२२ ने काय बदललं

इथपर्यंत हिशेब बरोबरीत होता. माझा कल खरं तर घराकडेच होता. पण एक मुलगा आठवला आणि कल बदलला.

दानिला क्लिमोविच, पिन्स्कचा. २०२०-२१ मध्ये तो बेलारूसच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळत होता. उत्तर अमेरिकेतल्या स्काऊटना त्याचं नावही धड माहीत नव्हतं. त्या वसंतात टेक्ससमध्ये १८ वर्षांखालची जागतिक स्पर्धा झाली. त्याने ५ सामन्यांत ६ गोल केले. तीन महिन्यांत व्हँकुव्हरने त्याला ४१ व्या क्रमांकावर घेतलं. व्हँकुव्हरच्या खालची टीम ॲबट्सफर्ड, तिच्याकडून तो पुढे खेळला आणि त्या टीमने २०२५ मध्ये कॅल्डर कप जिंकला.

एका आठवड्याच्या स्पर्धेने मुलाचं आयुष्य बदललं. घरी राहणाऱ्यासाठी ही खिडकी होती: वर्षभर मिन्स्कला, बोब्रुइस्कला नाहीतर पिन्स्कला खेळा, आणि वर्षातून एकदा जगासमोर या.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झालं आणि आंतरराष्ट्रीय हॉकी संघटनेने रशिया आणि बेलारूस दोघांनाही सगळ्या स्पर्धांतून बाहेर काढलं. मोठ्यांच्याही आणि पोरांच्याही. (मोठ्यांची २०२१ ची जागतिक स्पर्धा मिन्स्ककडून त्याआधीच, जानेवारी २०२१ मध्ये, काढून घेतली होती.) कॅनडाच्या ज्युनिअर लीगनी २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षं परदेशी खेळाडूंच्या निवडीत ह्या दोन देशांची पोरं घेतली नाहीत, २०२४ मध्ये पुन्हा घ्यायला लागले. डिसेंबर २०२५ मध्ये ऑलिंपिक समितीने किशोरवयीन खेळाडूंना परत येऊ द्यावं अशी शिफारस केली. पण २०२६ च्या ऑलिंपिकमध्ये बेलारूसचा हॉकी संघ नव्हताच.

युद्धाबद्दल आणि बंदीबद्दल प्रत्येकाचं मत असेल, माझंही आहे. पण इथे प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलाचा आहे, आणि त्याच्यासाठी एवढंच खरं की ती खिडकी लागली. सतरा आणि अठरा ही दोन वर्षं ड्राफ्टची. खिडकी उघडण्याची वाट बघण्यात ती गेली की परत येत नाहीत. क्लिमोविचचा रस्ता २०२१ मध्ये होता, नंतरच्या पोरांना तो मिळाला नाही. पाया घरी घालून जगाला वर्षातून एकदा दाखवायचं, हा घरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा होता. त्यातला अर्धा गळाला.

मधला एक रस्ता आहे, तो रशियाचा. भाषा येते, रेल्वेने जाता येतं, व्हिसा लागत नाही, हॉकी उत्तम. आजीला विचाराल तर तिला हाच पसंत पडेल. पण तिथे त्याच वयाची रशियन पोरं रांगेत हजारोंनी उभी आहेत आणि बंदीच्या बाबतीत तो देशही त्याच खोलीत आहे. खिडकी तिथेही बंदच.

देशाचं काय?

आता कोचचा मुद्दा. तो म्हणतो, सगळी चांगली पोरं सोळाव्या वर्षी निघून गेली तर आमची लीग कोण खेळणार? मागे राहिलेल्यांना चांगला प्रतिस्पर्धी कुठून मिळणार? हे खोटं नाही. क्रीडाशाळेत दहा वर्षं घालवलेला मुलगा कराराशिवाय निघून गेला तर शाळेच्या हातात एक टीम फोटो उरतो. दहा-बारा क्लबच्या लीगमधून दरवर्षी चार-पाच पोरं गेली तरी खड्डा दिसतो.

पण मला इतिहासातून वेगळंच दिसतं. २००२ च्या त्या संघात सालेई होता, जो अमेरिकेहून आला होता. बाकीच्यांतलेही बरेच जण बाहेरच्या लीगमध्ये खेळणारे होते. स्वीडनला हरवलं ते बाहेर राबून आलेल्यांनी.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २०२०-२१ मध्ये करोनामुळे उत्तर अमेरिकेतल्या लीग उशिरा सुरू झाल्या. तेव्हा शारांगोविच आणि थोरला प्रोतास दोघेही मिन्स्कला परत येऊन दिनामोकडून खेळले. शारांगोविचने ३४ सामन्यांत १७ गोल केले आणि तिथूनच सरळ न्यू जर्सीच्या टीममध्ये गेला. प्रोतासला विशीच्या आत मोठ्यांच्या लीगचा पूर्ण मोसम मिळाला आणि त्यानंतर काही महिन्यांत तो एनएचएलमध्ये खेळला. एक घरी राहून मोठा झालेला, दुसरा सतराव्या वर्षी गेलेला. दोघांनाही ऐन गरजेच्या वेळी घरचाच रिंक उपयोगी पडला.

विताली पिंचुकचं उदाहरणही ह्याच जातीचं. कॅनडात किंग्स्टनला खेळला, ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही, मिन्स्कला परतला आणि दिनामोचा महत्त्वाचा फॉरवर्ड झाला. 'गेला आणि फसला' असं त्याच्याबद्दल कुणी म्हणू शकत नाही. कारण परतायला जागा होती, आणि ती जागा दर्जाची होती.

म्हणून संघटनेने काय करावं, तर पोरांना अडवू नये. अडवलं की पोरं सोळाऐवजी चौदाव्या वर्षी जातील. त्यापेक्षा गेलेल्या मुलाशी संबंध ठेवावा, उन्हाळ्यात त्याला बर्फ आणि कोच द्यावा, आणि जमलं नाही तर विसाव्या वर्षी नाक न मुरडता परत घ्यावं. सालेईबद्दल एक गोष्ट सांगतो. २०११ मध्ये तो रशियातल्या लोकोमोटिव्ह यारोस्लावलकडे आला. ७ सप्टेंबरला टीमचं विमान उड्डाण करतानाच कोसळलं, त्यात तो गेला. मोसमाची पहिली मॅच दिनामो मिन्स्कशी होती. ते विमान मिन्स्कलाच निघालं होतं.

तर माझं उत्तर

रविवारी रात्री मी मिन्स्ककराला लिहून पाठवलं. मुद्दे असे.

एक: जावं. खिडकी बंद असताना घरी बसून कुणी बघेल अशी आशा धरणं हा जुगार आहे.

दोन: आत्ता नाही. तिकडे नववी झाली की शाळेचा पहिला टप्पा संपतो, पोरगं पंधराचं असतं. अजून एक वर्ष त्याच कोचकडे, घरचं जेवण जेवून. सोळा-सतराला लेवशुनोव गेला, प्रोतास गेला. चौदा-पंधराची घाई नको.

तीन: जायचं तर यूएसएचएल किंवा कॅनडाच्या मोठ्या ज्युनिअर लीगने स्वतः बोलावलं तरच. आपण पैसे भरून खेळायचं असेल तर मिन्स्कच बरं. ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या ज्युनिअर लीगमध्ये खेळलेल्या मुलांनाही अमेरिकन विद्यापीठांत खेळता येतं, त्यामुळे हा निर्णय पूर्वीइतका एकतर्फी राहिलेला नाही. हॉकी नाही जमली तरी हातात पदवी येऊ शकते.

चार: टीमला एकच विचारायचं. तुमच्याकडे ह्या जागेवर सध्या किती जण आहेत आणि माझा मुलगा कितवा? उत्तर गोलमोल आलं तर नाही म्हणायचं.

पाच: इंग्रजी आजपासून. बर्फावर कोच ओरडतो ते कळलं नाही तर मिनिटं मिळत नाहीत. आणि संध्याकाळी त्या परक्या घरात कुणाशी तरी बोलता आलं पाहिजे.

मंगळवारी त्याचा निरोप आला. एजंटला लीगचं नाव विचारलं, त्याने दोन दिवस लावले आणि मग जे नाव सांगितलं ती फी भरून खेळायची लीग निघाली. बहिणीने नाही कळवलं. वडील थोडे नाराज आहेत. आजी खूश आहे, पण तिला अजून पुढच्या वर्षाचं कुणी सांगितलेलं नाही. मुलगा स्वतः काय म्हणाला, असं मी विचारलं. तो म्हणाला की ठीक आहे, मग हे वर्ष उजव्या बाजूने मागे स्केटिंग करायचं तेवढं सुधारून घेतो, तिथे डावीकडचे खूप आहेत. आणि त्याने इंग्रजीची शिकवणी लावली आहे, आठवड्यातून तीन दिवस, सरावानंतर.